षष्ठी

एनिसमधल्या औषधांच्या दुकानात
काउंटरच्या अलीकडे मी, पलीकडे मॅकिनर्नी बाई.
चौतीस वर्षं त्यांनी कॉन्व्हेंटात लॅटिन शिकवलं,
त्यातली तीन माझ्यावर वाया गेली.

बाईंना गहू चालत नाही.
अडुसष्टाव्या वर्षी आतड्यानं संप पुकारला.
ब्रेड गेला, बिस्किट गेलं,
चर्चमधल्या प्रसादाची चकतीसुद्धा आता वेगळ्या डबीतून.
"त्वचा काही जेवत नाही," डॉक्टर म्हणाले,
"पण ओठांवरचं पोटात जातं, तेवढं बघा."

म्हणून बाई बघतात.
भिंग पर्समध्ये, चष्मा कपाळावर,
डोळ्यांत तेल घालून तेलांची नावं वाचतात.
शाम्पू, साबण, हाताचं क्रीम,
आणि कुठेतरी नवव्या-दहाव्या शब्दाशी
बोट थांबतं.
"ट्रिटिकम व्हल्गारे. इमेल्डा, चालवून दाखव."
मी चाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई,
हातात किमतीचं मशीन, आणि म्हणते,
ट्रिटिकम, ट्रिटिकी, ट्रिटिको...
"लिंग?"
नपुंसक.
"अर्थ?"
गहू, बाई. साधा गहू.
"मग साधं लिहायला यांचं काय जातं?"

लॅटिनचा उपयोग काय, असं
वर्गात विचारलं होतं मी एकदा.
त्या विसरल्या असतील अशी आशा आहे.

त्यांना हवी होती लिपस्टिक.
कशासाठी, ते सांगितलं नाही.
रंग मात्र नेमका सांगितला:
"ज्या शाईनं तुला नापास करायचे, तो."

मी जेवणाच्या सुट्टीत कंपन्यांना फोन केले.
एकीनं सांगितलं, गहू घालत नाही, पण हमी नाही.
दुसरीनं वीस मिनिटं व्हायोलिन ऐकवलं.
तिसरीच्या डबीवर हिरवं पान, वर 'संपूर्ण नैसर्गिक',
आत गव्हाच्या अंकुराचं तेल.
बाई हसल्या, "खरंच आहे की.
गहू काय कारखान्यात उगवतो?"

रविवारी त्यांना गाडीतून किनव्हाराला नेलं.
तिथे डेलिया घरीच मलम करते, स्वतःच्या मधमाश्या,
मेण, बदामाचं तेल, बीट, बस.
बाईंनी डबी उघडून वास घेतला, डोळे मिटले.
मग विचारलं, "या टेबलावर आणखी काय करता?"
"सोडा ब्रेड," डेलिया अभिमानानं म्हणाली,
"रोज सकाळी, माझ्या आईच्या हातचा."
झोपलेलं मूल ठेवावं तशी बाईंनी
डबी खाली ठेवली
आणि पैसे मात्र दिले.

परतताना कुणी बोललं नाही.
वायपर चालू होते.

मग मीच.
दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे म्हातारे कॉनलन
पूर्वी पुड्या बांधायचे,
त्यांचा पितळी तराजू तीनदा धुतला,
नवं पातेलं आणलं, नवा चमचा,
डबा घरी विसरून आले मुद्दाम.
मेण, एरंडेल, रतनजोतीचं मूळ.
पहिली खेप विटेसारखी झाली, दुसरी वाहिली.
तिसरी मी बोटावर घेऊन बघितली:
सहामाही परीक्षा, एकोणतीस गुण.

वर चिठ्ठी लावली, माझ्या अक्षरात, लॅटिनमध्ये.
बाईंनी आधी डबी नाही, चिठ्ठी वाचली.
भिंग काढलं. मग पेन.
"रिसिनस ओलेउम? तेल कुणाचं, इमेल्डा?"
एरंडाचं.
"चं. मग षष्ठी कुठे गेली?"
आणि तिथेच काउंटरवर, रांगेत तीन माणसं खोळंबलेली,
'नस' खोडून वर 'नी' लिहिलं.

मग चष्म्यांच्या स्टँडवरच्या चिंचोळ्या आरशात
वाकून, तोंडाचा चंबू करून,
आधी खालचा ओठ, मग वरचा.
हात जरा थरथरला, उजव्या कोपऱ्यात रेघ बाहेर गेली.
मी सांगणार होते.

"किती झाले?"
पैसे नकोत, बाई.
"मी गुण विचारत नाहीये," त्या म्हणाल्या,
"पण दहापैकी आठ."